‘हस्तिदंती’ मुठीचा चाकू आणि तडजोडीचा फोन

घडीचे चाकू जमवणाऱ्याला मुंबईत फसवणं सोपं जातं, कारण तक्रार करायला निघताना आधी त्यालाच घाम फुटतो. चाकू म्हटलं की समोरच्याला रामपुरीच आठवतो. मला गंडवणाऱ्याचा सगळा धंदा या घामावर चालतो. माल बदलणं हा त्यातला निम्माच भाग.

या माणसाचं नाव एका ओळखीच्या संग्राहकाकडून आलं. दादरच्या एका आजींच्या यजमानांचा संग्रह विकायचाय, ते बोटीवर अधिकारी होते, अशी कथा. सागवानी पेटी, वर काच, आत हिरवी बनात आणि त्यात चाकू ओळीने मांडलेले. ठरलेल्या संध्याकाळी त्याने पेटी गाडीत आणली आणि मला हवा तेवढा वेळ दिला. मी प्रत्येक पातं उघडून त्याच्या मुळाशी असलेला, बनवणाऱ्याचा ठसा भिंगातून पाहिला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा एक होता, तारा आणि माल्टीज क्रॉस, वर मुकुट आणि ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, १९०१ च्या आधीचा. एक फ्रेंच ओपिनेल, गळ्याशी कडी नसलेला. पातं अडकवून ठेवणारी ही फिरती कडी १९५५ मध्ये आली, म्हणून कडी नसलेले जुने तुकडे लोक शोधत असतात. एक स्विस, त्यावर ‘एल्झेनर श्विझ’ असा ठसा. माल अस्सल होता, यात मला आजही शंका नाही.

पैसे देणार तेवढ्यात तो म्हणाला, “काका, दोन मिनिटं. आजींना एकदा शेवटचा हात लावायचाय. पावतीवर सहीही घेऊन येतो.” अशा वेळी कोण नाही म्हणेल? पेटी घेऊन तो जिना चढला. खाली आला तेव्हा प्रत्येक चाकू तेलकट कागदात गुंडाळलेला, पेटीला सुतळी, गाठीवर लाख, हातात थरथरत्या सहीची पावती. पाऊस सुरू झाला होता. ४२ हजार रुपये तिथेच यूपीआयने गेले.

घरी लाख फोडली. रॉजर्सवर ‘व्ही. आर.’ होतं, पण त्याखाली ‘स्टेनलेस’ असंही कोरलेलं. राणी गेली १९०१ मध्ये आणि हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये न गंजणारं पोलाद केलं १९१३ मध्ये. ओपिनेलला कडी उगवली होती आणि मुठीचं बीचचं लाकूड चहाच्या पाण्यात मुरवल्यासारखं दिसत होतं. स्विस चाकूवर आता ‘व्हिक्टोरिनॉक्स’. हे चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्झेनरने आईच्या नावावरून आधी ‘व्हिक्टोरिया’ ही निशाणी घेतली, ती १९०९ मध्ये. स्टेनलेस पोलाद आल्यावर १९२१ मध्ये त्याला ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारं, हे जोडलं. त्याआधीचा म्हणून कोणी या नावाचा चाकू विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

जिन्यावर पेटी बदलली, हे उघड होतं. त्या इमारतीत आजी राहतात की नाही हे शोधायला दुसऱ्या दिवशी गेलो. वॉचमनने मलाच संशयाने पाहिलं.

फोनवर तो आधी गोड बोलला. आजी गावाला गेल्यात, आल्या की बघू. असे काही आठवडे गेले. बनावट तुकडे मी खोक्यात टाकून ठेवले होते. फक्त खिशात मावणारा एक लहान चाकू (पेननाइफ), पिवळट पांढऱ्या मुठीचा, बदललेला वाटला नाही. पावतीवर ‘हाडाची मूठ’ लिहिलेलं. तो मी माझ्या भिंतीवरच्या काचेच्या शोकेसमध्ये, पितळी बोल्स्टर (मुठीच्या टोकाची धातूची टोपी) असलेल्या दोन चाकूंच्या मध्ये मांडला. (बायकोचं म्हणणं असं की भिंतीवर एवढे चाकू, आणि कांदा चिरायला एकाला धार नाही.)

जुलैत शोकेस उघडली तर आत विचित्र आंबट वास. त्या चाकूच्या दोन्ही बाजूंचं पितळ हिरवं कळकलेलं, पात्यांवर गंजाचे ठिपके. बाकीची ओळ स्वच्छ. सिलिका जेलच्या पुड्या मी वेळेवर बदलतो, त्यामुळे नुसत्या दमटपणावर ढकलता येईना. मूठ अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी नेली. कापूर! ती हाडाची नव्हती, सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची होती. सेल्युलॉइड कापूर घालूनच करतात. जुनं झालं की ते विघटन होऊन आम्लाची वाफ सोडतं आणि बंद काचेत शेजारच्या धातूला खातं. उष्ण, दमट हवेत हे जास्त वेगाने होतं, म्हणजे आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. अशा मुठीचा चाकू घेतलाच तर वेगळा, हवेशीर ठेवा. चामड्याच्या म्यानातही चाकू वर्षानुवर्षं ठेवू नका, तिथेही पितळ असंच कळकतं.

याच सुमारास मी पैसे परत मागण्याचा नेट लावला आणि त्याचा आवाज बदलला. “काका, ती छोट्या चाकूची मूठ हस्तिदंती आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा माहितीये ना? घेणाराही आत जातो.” दुसऱ्या दिवशी वन विभागाचा ‘अधिकारी’. व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा फोटो, मागे वायरलेसचा खरखराट, आणि २५ हजारांत ‘तडजोड’. शिवाय घरात शस्त्रसाठा असल्याचं पोलिसांना कळवू, ही पुरवणी.

हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद आहे हे खरंच आहे, म्हणून तर ही धमकी लागू पडते. पण हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर काळसर बारीक छिद्रं दिसतात. सेल्युलॉइडवर नक्कल म्हणून ओढलेल्या रेषा असतात, सरळ, समांतर, वहीच्या पानासारख्या. भिंगाखाली मला त्याच दिसल्या. तापलेली सुई टोचून बघा, असं सांगणारे भेटतील. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, तो प्रयोग करू नका.

शस्त्रसाठ्याचं म्हणाल, तर शस्त्र नियमांत परवान्याच्या संदर्भात येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती. माझं सर्वांत लांब पातं ४ इंचांचंही नाही. घरात मांडणं वेगळं आणि रस्त्यावर घेऊन फिरणं वेगळं, एवढं मात्र ध्यानात ठेवा. मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघत असतात. म्हणून पोलीस ठाण्यात जाताना मी चाकू नेले नाहीत. ठशांचे मोठे फोटो, पावती, यूपीआयचा तपशील आणि ‘अधिकाऱ्या’चे मेसेज नेले. त्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. पैसे जाऊन बरेच दिवस झाल्याने त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं, तुम्ही तेवढं थांबू नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि खंडणीला ३०८. खंडणीचं तर त्याने स्वतःच लेखी दिलं होतं. तक्रार गेल्याचं कळवल्यावर ‘अधिकारी’ पुन्हा बोलला नाही.

एक गोष्ट जास्त ठासून सांगतो. पाहिलेली वस्तू नजरेआड गेली, मग ती आजींसाठी असो की देवासाठी, तर पुन्हा पहिल्यापासून तपासायची. पाऊस पडत असेल तर आडोशाला उभं राहून तपासायची. समोरचा नाराज झाला तर होऊ दे.

पुढे पोलिसांनी चाकू ताब्यात घेतले. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी मेसेज वाचलेले असल्याने सरळ लिहिलं, ‘एक लहान चाकू, हस्तिदंती मूठ’. सही करण्याआधी मी कागद वाचायला मागितला. “साहेब, हे असंच राहिलं तर आरोपी मीच होईन,” म्हटलं. त्यांनी मूठ चोळून वास घेतला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही दिला, आणि ओळ खोडून ‘पिवळट रंगाची, कापराचा वास येणारी मूठ’ असं लिहून बाजूला सही केली. मग मी माझी केली.