पूर्ण नव्वद मिनिटांचा ड्रोग्बा

जुने फुटबॉल सामने पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत दाखवणारी एक ऑनलाइन सेवा मी तीन महिने वापरली. तक्रारी बऱ्याच आहेत, म्हणून नाव देत नाही. घेतली ती फक्त आयव्हरी कोस्टचा फॉरवर्ड दिदिए ड्रोग्बासाठी. मी स्वतः गुडघा कुरकुरायला लागेपर्यंत स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो, त्यामुळे फॉरवर्ड मंडळींबद्दल माझं मत मुळातच फार बरं नाही. दोन-दोन मिनिटांच्या गोलांच्या क्लिपा बघितल्या की ते आणखी बिघडतं.

शोध अगदीच भिकार. ड्रोग्बा टाकलं की चेल्सी या इंग्लिश क्लबच्या सामन्यांचा ढीग समोर येतो. हा माणूस आबिजानमध्ये जन्मला, पाचव्या वर्षी काकाकडे फ्रान्सला गेला आणि पहिला व्यावसायिक करार व्हायला एकविशी उजाडली. ल मां आणि गँगां या फ्रेंच क्लबांत तो घडला, पण त्या काळातला एकही सामना यांच्याकडे नाही. मार्से या त्याच्या पुढच्या फ्रेंच क्लबचे मोजके आहेत. त्यातली २००४ची युएफा कप फायनल जरूर बघा: चित्र धुरकट, आवाज मध्येच गायब, पण मध्यंतराआधीच गोली बार्तेझला लाल कार्ड मिळतं आणि नंतर दहा जणांच्या संघात ड्रोग्बाच्या वाट्याला काय येतं ते दिसतं. व्हॅलेन्सिया २-० जिंकते. तारीख १९ मे. हिच्याकडे परत येतो.

या सेवेचे पैसे माझ्यापुरते वसूल झाले ते चेल्सीच्या २०१२च्या चॅम्पियन्स लीगमधल्या दोन सामन्यांत. पहिला, बार्सिलोनाच्या मैदानावरची सेमीफायनल. चेल्सीचा कप्तान टेरी ३७व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि त्यानंतर ड्रोग्बा चक्क डाव्या बॅकच्या जागेवर. माझी मुलगी शेजारी बसली होती. ती फॉरवर्ड खेळते. म्हणाली, "बाबा, हा पुढे का जात नाहीये?" तेवढ्यात त्याने पेनल्टी बॉक्समध्ये बार्सिलोनाच्या फाब्रेगासला पाडलं. पेनल्टी. मेस्सीने ती क्रॉसबारवर मारली. ड्रोग्बा पुढचा अर्धा तास तसाच मागे राबला आणि ८०व्या मिनिटाला बाहेर आला. त्याच्या जागी आलेल्या टोरेसने शेवटी गोल मारला आणि सगळीकडे क्लिप फिरते ती टोरेसची.

दुसरा, म्युनिकची फायनल. पुन्हा १९ मे, आठ वर्षांनी. बायर्नला अख्ख्या सामन्यात २० कॉर्नर, चेल्सीला एक. त्या विसांपैकी कितीतरी वेळा आपल्याच गोलसमोर सर्वांत उंच उडी मारणारं डोकं ड्रोग्बाचं असतं. क्लिपमध्ये हे कोण दाखवणार? ८३व्या मिनिटाला म्युलरचा गोल, ८८व्याला तो एकुलता कॉर्नर. माटाने बॉल ठेवला तेव्हा मी सामना थांबवून मुलीला म्हटलं, बॉलकडे नको, अकरा नंबरकडे बघ. जवळच्या पोलाकडे दोन-तीन पावलं, आणि मानेच्या झटक्याने असा हेडर की लाथ मारल्यासारखा बॉल आत. मी तीनदा मागे नेऊन बघितला. मार्क करणाऱ्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं याचं उत्तर तिन्ही वेळा सापडलं नाही. जादा वेळेत हाच पठ्ठ्या मागे येऊन बायर्नच्या रिबेरीला पाडतो. पुन्हा पेनल्टी! रोबेनची चेल्सीचा गोली चेखने अडवली. म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या लागोपाठच्या दोन निर्णायक सामन्यांत बचाव करताना त्याने दोन पेनल्ट्या दिल्या आणि दोन्ही वाया गेल्या. नशीब म्हणा. पण फॉरवर्ड असून तो तिथे होता, हे स्टॉपर म्हणून मी मान्य करतो.

आता संताप. १२० मिनिटं झाली की व्हिडिओ संपतो. बरोबरी सोडवणारं पेनल्टी शूटआउट वेगळ्या फाइलमध्ये, आणि तिच्या नावातच कोण जिंकलं ते लिहिलेलं! ड्रोग्बाची शेवटची पेनल्टी, दोन पावलांची धाव, बायर्नचा गोली नॉयर भलतीकडे. हे सगळं मुलीने निकाल वाचूनच बघितलं.

देशाचे सामने तर जवळपास नाहीतच. आयव्हरी कोस्टसाठी त्याचे ६५ गोल. यांच्याकडे २००६च्या विश्वचषकातला अर्जेंटिनाविरुद्धचा सामना आहे, ज्यात त्याने देशाचा विश्वचषकातला पहिला गोल केला. पण ऑक्टोबर २००५मध्ये सुदानला हरवून पात्र ठरल्यावर कॅमेऱ्यासमोर सहकाऱ्यांसह गुडघ्यावर बसून त्याने यादवी थांबवायची विनवणी केली, तो सामना नाही. बंडखोरांच्या बुआके शहरात २००७ला मादागास्करला ५-० हरवलं, तोही नाही. ज्या सामन्यांसाठी त्याच्या देशात त्याला फॉरवर्डहून मोठं मानतात, नेमके तेच गायब.

पाचपैकी तीन. वर्गणी एक महिना वाढवली आहे, कारण चॅम्पियन्स लीगची २००८ची मॉस्को फायनल राहिली आहे. त्यात ११६व्या मिनिटाला मँचेस्टर युनायटेडच्या व्हिडिचला थप्पड मारून ड्रोग्बा लाल कार्ड घेतो. मुलीला अजून माहीत नाही. फाइलच्या चित्रावर नेमकं तेच कार्ड छापलंय, म्हणून सामना मी आधी लावून ठेवणार आणि मग तिला हाक मारणार.