पांढऱ्या कुर्त्यांसाठी पारदर्शक घडीचा डबा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या बर्डीवर आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. वर्षभर शर्ट, कुर्ते, लहान मुलांचे सेट चालतात, पण आमचा खरा हंगाम दसऱ्याचा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. अशोक विजयादशमीला आजही माणसं लांबलांबच्या गावांहून नागपूरला येतात आणि त्यातली कितीतरी पांढऱ्या कपड्यांत येतात. त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग क्वचितच उलगडला जातो.

पांढरं कापड विकणं फार कठीण. एक कुर्ता दहा जणांनी उलगडून पाहिला की कॉलरच्या घडीवर अंगठ्याचे ठसे दिसू लागतात. संध्याकाळपर्यंत तो पीस मळका म्हणून बाजूला जातो. पातळ पिशवीत ठेवला तर पिशव्या एकमेकींवरून घसरतात, थप्पी कोसळते आणि घडी मोडते ती मोडतेच. हे सगळं पाहून गेल्या सप्टेंबरात मी पारदर्शक घडीचे, म्हणजे सपाट ठेवता येणारे आणि दुमडून उभे करायचे, प्लॅस्टिकचे 1,000 डबे बनवून घेतले. माप आणि लॉक माझं, डाय (शीट कापायचा साचा) आणि पेस्टिंग (कडा चिकटवणं) कारखान्याचं. आता जून आहे. हा अनुभव त्या डब्यांचा.

आधी शीट कुठलं घ्यायचं ते. नमुने तीन प्लॅस्टिकचे आले: पीव्हीसी, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) आणि पीपी. पीपी दुधाळ दिसतं. त्यातून पांढरा कुर्ता धुकं पडल्यासारखा दिसला, म्हणून ते बाद केलं, जरी घडीला ते तिघांत सगळ्यांत चिवट आहे. पीव्हीसीच्या नमुन्याला निळसर झाक होती आणि खरं सांगते, पांढऱ्यावर ती छान दिसत होती, नीळ दिल्यासारखी. तरी ते घेतलं नाही. भंगारवाले पेट ओळखतात, पाण्याच्या बाटल्यांबरोबर ते जातं. पीव्हीसीच्या अशा शीटला मात्र सहसा कोणी हात लावत नाही, आणि पेटच्या ढिगात थोडं पीव्हीसी मिसळलं तरी पुढे सगळा माल बिघडतो. डब्याच्या तळाला त्रिकोणात 1 आकडा, म्हणजे पेटची खूण, टाकून घेतला. पुरवठादार काय पाठवतो याची शंका असेल तर पीपीची परीक्षा सोपी आहे: तुकडा पाण्यात टाका, पीपी तरंगतं, पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात.

जाडी 300 मायक्रॉन. 200 मध्ये एवढ्या मोठ्या डब्याचा पुढचा भाग लिबलिबतो आणि थप्पीत खालचे डबे दबतात. 400 मध्ये डबा दगडासारखा होतो, पण कोपरे हाताला लागतात. 300 मध्येही फ्लॅपचे कोपरे गोल करूनच घ्या. पहिल्या नमुन्यात ते काटकोनी होते, आमच्या मावशींच्या बोटाला चीर गेली आणि एका कुर्त्याचा धागा ओढला गेला.

मापात मी चुकले, आणि ही चूक नवीन माणूस करणारच, म्हणून सविस्तर सांगते. मी डबा मोजला तो 38 नंबरच्या कुर्त्यावर. आत 9.5 × 13.5 इंचांचा पुठ्ठा, बाहेर 10 × 14 इंचांचा डबा, खोली दीड इंच. 38 नंबर सुंदर बसला. 44 नंबरचा कुर्ता आणि त्याखाली पायजमा घातला तर डब्याला पोट आलं. पोट आलेला डबा डब्यावर ठरत नाही, रॅकमध्ये उभा केला की पुढे झुकतो, आणि फुगलेल्या जागेवर ट्यूबलाइटचा पट्टा असा चमकतो की आतलं काही दिसत नाही. त्या चमकेमुळे आतल्या टॅगचा बारकोडही वाचला जाईना. म्हणजे मोजायचं ते सगळ्यांत मोठ्या नंबरच्या घडीवर, पायजम्यासकट, आणि घडी हाताने दाबून नाही, सैल ठेवून. पुढच्या खेपेत खोली दोन इंच केली. मग छोटे नंबर उभ्या डब्यात खाली घसरू लागले. त्यासाठी पुठ्ठ्याला वरच्या बाजूने दोन चिरा दिल्या आणि कुर्त्याचे खांदे त्यात अडकवले. पिना पूर्ण बंद झाल्या, हा मोठा फायदा, कारण लहान मुलांच्या कपड्यातली राहिलेली पिन ही माझी जुनी भीती होती.

दुसरी गोष्ट तोंडाची. पहिल्या खेपेत तोंड वरच्या 10 इंचांच्या बाजूला होतं. म्हणजे कुर्ता 14 इंच आत सरकवायचा. तळाशी पोचेपर्यंत कॉलर दबायची नाहीतर पुठ्ठा वाकायचा. आता तोंड लांब बाजूला घेतलं आहे, कपाटाच्या दारासारखं. दहाच इंच सरकवायचं, कॉलरला धक्का नाही. काम इतकं सोपं झालं की दसऱ्याच्या गर्दीत हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आणि क्रीज, म्हणजे शीट जिथे दुमडायचं ती रेघ. डबा जगतो की मरतो ते क्रीजवर. कागदी खोक्यासारखी थंड क्रीज मारली तर पेट दुमडायला मागत नाही, दुमडलं तर उसळून परत उघडतं, पेस्टिंगवर ताण येतो. पहिला नमुना असाच होता. टेबलावर ठेवला की स्वतःच हळूहळू चौकोनाचा गोल व्हायचा. गरम पट्टीने मारलेली क्रीज वेगळीच. ती रेघेपुरती मऊ होते आणि बाजूचं शीट काचेसारखं तसंच राहतं. कारखान्यात याला सॉफ्ट क्रीज म्हणतात. ऑर्डर देताना हा शब्द लिहून घ्या, आणि नमुना हातात घेऊन तेच झाकण पन्नास वेळा उघडून-लावून पाहा. मी पन्नास वेळा पाहिलं नव्हतं, पाच वेळा पाहिलं होतं. काउंटरवर रोज उघडले जाणारे डबे दिवाळीपर्यंत झाकणाच्या घडीवर चिरू लागले.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे या डब्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी गर्दी सुरू झाली. डबे रॅकमध्ये उभे, आत पांढरे कुर्ते, एकही ठसा नाही. माझ्या आयुष्यात दुकान इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. विक्रीही चांगली झाली. पण लोक पैसे दिले की कुर्ता काढून घ्यायचे आणि डबा काउंटरवर ठेवायचे. "ताई, डबा ठेवा तुमच्याकडे, आम्हाला पुस्तकं घ्याची आहेत अजून, बॅगेत जागा कुठं आहे?" एक आजोबा म्हणाले. बरोबरच होतं. रिकामा डबा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि जागा पूर्ण कुर्त्याची घेतो. रात्री मुक्कामाला जागा मिळेल तिथे झोपणाऱ्या, पहाटेच्या गाडीने परतणाऱ्या माणसाने तो का वागवावा? पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी ते सगळे डबे पुसून पुन्हा भरले, आणि मला कळलं की मी गिऱ्हाइकासाठी डबा बनवला होता, पण तो कामाला येतोय रॅकच्या. घरी न्यायचं ते कापड. डबा दुकानाच्या फर्निचरपैकी आहे.

त्या दिवसापासून आम्ही डबा भरला की तळाच्या फ्लॅपवर मार्करने एक ठिपका देतो. आज सहा-सहा ठिपक्यांचे डबे रॅकवर आहेत. सुरुवातीला 28 रुपयांना एक डबा म्हणजे डोळे पांढरे झाले होते, कारण पिशवी दोन रुपयांत येते. सहा वेळा वापरलेल्या डब्याचा हिशेब पाच रुपयांच्या आत येतो, आणि मळक्या पीसवर सोडावे लागणारे पैसे वाचतात ते वेगळेच. म्हणून आता डब्यावर काही चिकटवायचं नाही, हा नियम. किंमत आणि नंबर कुर्त्याच्या टॅगवर, टॅग खालच्या उजव्या कोपऱ्यात सपाट बसवलेला, बाहेरून वाचता येईल असा. स्टिकर काढताना राहणारा चिकटा पेटवरून सहज जात नाही.

दिवाळीत उलटं झालं. भाऊबिजेला भेट द्यायची म्हणून लोक डबाच मागत होते, काहींनी तर रंगीत शर्टासाठीही मागितला. तेव्हा दिले. तिथे डबा भेटीचा भाग असतो, त्याचे 28 रुपये मनापासून वसूल होतात.

पण रंगीत शर्ट आणि जाड कापडाचे कुर्ते मी डिसेंबरात डब्यांतून परत बाहेर काढले. बाबांचं म्हणणं आधीपासून हेच होतं. ते गांधीबागच्या ठोक बाजारात वाढलेले, थान बोटांत चुरून त्याचा पोत ओळखणारे. 1877 मध्ये इथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी सूत कातलं, विणलं, विकलं, तिथल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कापडाला हात लावू नका म्हणू शकत नाही, असं ते म्हणतात. एका बाईंनी मला तोंडावरच सांगितलं, "काचेतून काय समजते, जरा हात लावू द्या ना!" त्यानंतर प्रत्येक प्रकाराचा एक उघडा पीस काउंटरवर असतो, शिवाय हाताएवढा कापडाचा तुकडा रॅकला दोरीने बांधलेला. तो तुकडा मळतो, दर आठवड्याला बदलतो. हात लावून झाला की डब्यातला पीस घ्यायला कोणी कुरकुरत नाही. हे केल्याशिवाय पारदर्शक डबा लावू नका. जरीच्या साड्यांसाठी तर अजिबात नको. जरीला बंद प्लॅस्टिक मानवत नाही, ती सुती कापडातच बरी.

फेब्रुवारीत एक धक्का बसला. ऑक्टोबरपासून न विकल्या गेलेल्या सात कुर्त्यांच्या घड्यांच्या कडांवर पिवळी झाक आली होती. मी सगळा दोष डब्याला दिला आणि रात्रभर झोपले नाही. मग नीट पाहिलं तर पिवळे झालेले सातही पीस घाईघाईत पिशवीसकट डब्यात घातलेले होते. पिशवीशिवाय ठेवलेला एकही पिवळा नव्हता. कापडाच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. पॉलिथिनमध्ये बीएचटी नावाचं द्रव्य घालतात, ते कापडात उतरतं आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी, म्हणजे गाड्यांच्या धुरात जे असतात त्यांच्याशी मिळून पिवळं पडतं. बर्डीच्या रस्त्यावर धुराची काय कमतरता! हा पिवळेपणा उन्हात जातो. ते सात कुर्ते गच्चीवर उन्हात घातले, संध्याकाळपर्यंत पुन्हा पांढरे. तुमच्याकडे असं झालं तर ब्लीच करायला धावू नका, आधी ऊन दाखवा. आणि डब्यात पिशवी घालू नका.

उन्हाळ्याने दोन त्रास दिले. एप्रिल-मेमध्ये नागपुरात हवा इतकी कोरडी होते की पेटवर स्थिर वीज साठते आणि सुताचा प्रत्येक तंतू, रस्त्यावरची धूळ डब्याला येऊन चिकटते. कोरड्या फडक्याने पुसलं की आणखी चिकटते. ओलसर सुती फडक्याने पुसायचं, एवढंच. पुढच्या ऑर्डरला अँटिस्टॅटिक शीट मिळतंय का ते विचारणार आहे.

दुसरा त्रास माळ्याचा. आमच्या माळ्यावर टिनाचं छप्पर आहे. तिथे सपाट घड्या करून ठेवलेले दोनशे डबे मेच्या शेवटी काढले तर धनुष्यासारखे वाकलेले. पेट साधारण 70 ते 80 अंशांच्या दरम्यान नरम पडतं. एवढी उष्णता टिनाखाली होत नसेल, पण वजन तिरकं पडलं आणि दोन महिने तसंच राहिलं की तेवढं पुरतं. निम्मे डबे सपाट फळीखाली दाबून सुधारले, निम्मे गेले. पश्चिमेच्या काचेजवळच्या चार-पाच डब्यांची पेस्टिंगची पट्टीही सुटली. तिथे आता डबे नाहीत, आणि तिथे कपडेही ठेवू नयेत, डब्यातून ऊन आरपार जातं आणि वरची घडी तेवढीच फिकी पडते.

कायद्याचं अनेकांनी विचारलं म्हणून: 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदाच वापराच्या वस्तू बंद झाल्या, त्यात मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची फिल्म आहे, असा जाड घडीचा डबा त्या यादीत नाही. तरी मी डबा परत घेतेच. परत आणणाऱ्याला दहा रुपये कमी करते, आणि लोक आणतातही.

दसऱ्यासाठी पुढची खेप 600 ची आहे, फक्त पांढऱ्यासाठी. झाकणाच्या क्रीजचा नमुना काल आला. या वेळी जेवणानंतर बाबा आणि मी आळीपाळीने तो उघडत-लावत बसलो होतो. साठाव्या वेळी घडीवर बारीक पांढरी रेघ दिसली, चीर नाही. आज सकाळी कारखान्याला होकार कळवला.