पाळी गेल्यावर पहिल्यांदाच कुणी नीट ऐकून घेतलं

आधीच्या दवाखान्यातून "वयच आहे, सहन करा" एवढंच ऐकून परतले होते. रात्री दोन-दोनदा घामाने गाऊन बदलत होते, आणि त्यावर हे उत्तर! या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "झोप कशी लागते?" योनीतला कोरडेपणा, संबंधांच्या वेळचं दुखणं हे विषयही त्यांनीच काढले. माझ्या तोंडून ते कधीच निघालं नसतं.

त्यांनी हॉर्मोनच्या उपचाराचं नाव काढताच मला कॅन्सर आठवला. त्यांनी भीती उडवून लावली नाही. ही भीती ज्यामुळे पसरली, त्या 2002 साली गाजलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात बायकांचं सरासरी वय 63 होतं, मी 51 ची. हा फरक कागदावर लिहून दाखवला. गर्भाशय आहे, म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा त्वचेवर चिकटवायच्या पॅचमध्ये कमी. दोन्ही हॉर्मोन वर्षानुवर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हेही लपवलं नाही. आई-मावशीच्या आजारांची चौकशी केली, बीपी बघितलं आणि म्हणाल्या, "घाई नाही, विचार करून सांगा."

बाहेर ताटकळावं फार लागतं. तरी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाणार, धाकट्या बहिणीला घेऊन.