कॉन्व्हेंटच्या व्हॅनचे पैसे भरण्याआधी आमची अंगणवाडी बघून जा

शेजारच्या सुनेनं परवा विचारलं, "काकू, पोरीले अंगणवाडीत टाकू का तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधी? खरं खरं सांगा." तिला दारात उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. गूगलच्या नकाशात आमच्या गावचं मारुतीचं देऊळ आहे, कृषी केंद्र आहे, बसस्टँडवरची चहाची टपरीसुद्धा आहे आणि तिला कोणीतरी पाच तारे दिलेत. अंगणवाडीचा पत्ताच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. पाच एकर शेती, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. मागच्या टर्मला महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत सदस्य होते. आता चार वर्षांच्या नातीला अंगणवाडीत नेणं-आणणं माझ्याकडे आहे. त्यामुळे ठराव लिहितानाही ही अंगणवाडी पाहिली आणि आता नातीची डावी चप्पल शोधतानाही पाहते.

आधी जेवण, कारण आया तेच आधी विचारतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज गरम ताजा आहार असतो. कागदावर त्यात किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिनं हवीत ते ठरलेलं असतं. ग्रॅम काही मी मोजले नाहीत. वाढताना मदतनीस डाव पातेल्याच्या तळाशी घालते की वरच्यावर फिरवते, तेवढं बघते. आमची तळाशी घालते. डाळ कुठं बसते हे ज्यांनी पंगतीत वाढलंय त्यांना सांगायला नको. मटकीची उसळ चांगली असते, खिचडीत मीठ कधी कमी पडतं, लापशीत गाठी राहतात. रांधणाऱ्या बाया बचत गटाच्या. त्यांचं बिल निघायला उशीर झाला की किराणा उधारीवर येतो आणि त्या महिन्यात उसळ पातळ होते. दुकानदाराची उधारीची वही पाहून मी उद्याच्या उसळीचा अंदाज सांगू शकते.

तीन वर्षांखालच्या लेकरांना घरी न्यायची पाकिटं मिळतात. नातवाचं पाकीट आमच्या घरी येतं. चव गोडमिट्ट, लेकरू तोंड फिरवतं. सुनेनं त्यात जिरं, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि थोडं बेसन घालून धिरडी केली तेव्हा कुठं खपलं. २०२५ पासून हे पाकीट देताना आईचा चेहरा मोबाइलात जुळावा लागतो. सून सकाळीच निंदायला जाते आणि गावात रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. संध्याकाळी सहाला मातीनं भरलेल्या हातानं ती पायरीवर उभी, समोर सेविका मोबाइल धरून. "डोळे मिचकाव व बाई, मोबाइल जिवंत माणूस मांगून राह्यला." दोन दिवस जुळलंच नाही, तिसऱ्या दिवशी जुळलं. तोवर पाकीट अंगणवाडीच्या कपाटात बसून होतं. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा मी मनात म्हटलं होतं की फुकटचा मोबाइल कोण परत करतं! आता म्हणत नाही.

आता नळाचं सांगते. हे लांबणार आहे.

अंगणवाडीच्या ओट्याला माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर चार तोट्या आहेत. पोरं स्वतः तोटी उघडतात, हात चोळतात, एखादा बहाद्दर तोटी तशीच सोडून पळतो आणि मदतनीस त्याला नाव घेऊन परत बोलावते. आधी ती एकटी मगानं पंचवीस पोरांच्या हातावर पाणी घालायची. निम्मे हात कोरडेच जेवायला बसायचे.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्या गावची घरपट्टी, पाणीपट्टी सगळी मिळून तीनेक लाख, म्हणजे वर्षाला तीस हजाराच्या आसपास. सदस्य होऊन दीड वर्ष झालं तरी मला हे ठाऊक नव्हतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तीही आमच्याकडे व्हायची नाही. रजिस्टर घरोघरी फिरायचं आणि आम्ही चुलीपासून उठून सह्या करायचो. एका पानावर माझ्या सहीशेजारी कणकेचा डाग आहे, म्हणजे मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि आमच्या सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे मालक बसायचे.

पहिली खरी महिला सभा आम्ही अंगणवाडीतच घेतली. वेळेवरूनच भांडण झालं. दुपारी घेतली तर बायांची मजुरी बुडते, रात्री आठला म्हटलं तर ग्रामसेवक पाचलाच निघालेले. शेवटी बाजाराच्या दिवशी सकाळी ठरली, कारण त्या दिवशी कोणी वावरात जात नाही. चौदा बाया आल्या. मी रोकडवही मागितली. ती यायला पाऊण तास लागला. वहीत आदल्या वर्षीच्या बालकल्याणासमोर 'साहित्य खरेदी' लिहिलेलं होतं. साहित्य म्हणजे साउंडचे दोन डब्बे, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ठेवलेले. सगळ्यांत म्हाताऱ्या आजीनं विचारलं, "माह्या नातवानं त्या डब्ब्यातलं काय खाल्लं?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

आम्ही ठराव केला: नळ, दोन पंखे, नवा वजनकाटा. ग्रामसभेत गलका झाला. "पोट्ट्यायसाठी नळ? आन् आमच्या गल्लीतला रस्ता काऊन नाई होत?" रस्त्याचा पैसा वेगळ्या खात्यातला, हे सांगता सांगता माझा घसा बसला. तरी ठराव झाला, कारण त्या दिवशी बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या आणि उठून गेल्या नाहीत.

मग प्लंबर आला आणि त्यानं तोट्या स्वतःच्या कमरेच्या उंचीला बसवून दिल्या. पोरांचे हातच पुरेनात. बिल निघालेलं. ठरावात 'नळ बसवणे' एवढंच लिहिलं होतं, उंची लिहिली नव्हती. लिहिणारी मीच. पुढचं वर्षभर पोरं उपड्या घमेल्यावर चढून हात धुवायची. दोन पडली, एकाला हनुवटीला टाके पडले. त्याच्या आईनं मला बोल लावला नाही. मी मात्र त्या घरावरून जाताना बरेच दिवस मान खाली घालून जायचे. दुसऱ्या वर्षीच्या तीस हजारांतून तोट्या खाली आल्या. तुमच्या गावात कोणी असा ठराव लिहिणार असेल तर इंचात लिहा.

पंखे चांगले आहेत. छप्पर टिनाचं, त्यामुळे एप्रिलमध्ये पंखा गरम हवाच फिरवतो, पण माश्या तरी बसत नाहीत.

काट्याबद्दल एक सांगायचंच आहे. दर महिन्याला वजन होतं, उंची होते आणि दंडाला पट्टी लावतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे लेकरू फार कुपोषित. खालच्या वेटाळातलं दीड वर्षाचं एक लेकरू दिसायला गुटगुटीत नव्हतं, पण आजारीही वाटायचं नाही. सेविकेनं पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावताना तिनं श्वास रोखून धरलेला मी पाहिला. लालच. आई वेचणीला जायची आणि लेकरू आठ वर्षांच्या बहिणीपाशी असायचं. ती पोरगी स्वतःला भूक लागली की त्याला भरवायची. सेविका दोनदा घरी गेली, आईला आरोग्य केंद्रात नेलं, मग ग्राम बाल विकास केंद्रात लेकराला दिवसातून थोडं थोडं करून अनेकदा खाऊ घातलं. आता ते घमेलं वाजवत फिरतं. तालुक्याची व्हॅन दारात येते, हॉर्न वाजवते, पण दंड कोणाचा मोजत नाही.

व्हॅनचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या गल्लीतून तीन पोरं कॉन्व्हेंटला जातात. सकाळी साडेसातला टाय लावून झोपेतच निघतात. 'ए फॉर ॲपल' पाठ आहे. आमच्याकडे सफरचंद सलाइन लागल्यावरच येतं, त्यामुळे ते पोरांना दवाखान्याचं फळ वाटतं. अंगणवाडीत माझी नात तूर, चणा आणि बरबटीच्या मिसळीतून दाणे वेगळे करते, आणि हे काम शिक्षण आहे की घरकाम याबद्दल तिच्या आईचा आणि माझा वाद चालू आहे. भिंतीवर 'आकार' अभ्यासक्रमाचे तक्ते आहेत. त्याप्रमाणं शिकवलं तर कॉन्व्हेंटच्या तोडीस तोड आहे, हे मी पैजेवर सांगेन. अडचण अशी की सेविकेला रजिस्टरं, मोबाइल, सर्वेक्षण, मतदारयादी, गरोदर बायांच्या गृहभेटी, सगळंच करायचं असतं. दुपारी एक वाजल्यानंतर तिची मान मोबाइलात जाते आणि पोरं तीच तीन गाणी पुन्हा पुन्हा म्हणत बसतात. 'अंगणवाडी' म्हणताना मला बोर्डीच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. ताराबाई काही वर्षं आमच्या अमरावतीत राहिल्या होत्या. त्यांनी पोरांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. आमच्या बाईंना ओट्यापर्यंत यायला उसंत मिळत नाही.

वेळ ही माझी खरी तक्रार. अंगणवाडी दहाला उघडते, दोनला बंद. निंदणाच्या दिवसांत बाया नऊच्या आत वावरात आणि सहाला घरी. मधल्या तासांत लेकरू कोणाकडे? आजी असेल तर आजीकडे, नसेल तर मोठ्या बहिणीची शाळा बुडते. मी सभेत म्हटलं, हंगामात आठला उघडा, पाचला बंद करा. मदतनीस जागेवरूनच म्हणाली, "करतो ना काकू, मंग पगारही त्याच हिशेबानं द्या." ती बरोबर होती. ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनीसांचा ५२ दिवसांचा संप झाला, तेव्हा सेविकेला महिन्याला १० हजार मिळायचे आणि मदतनीसला साडेपाच हजार. मागणी २६ हजारांची आणि २० हजारांची होती. संप पडला नेमका वेचणीत. ज्या बाया "यायले बसून पैसे भेटतेत" म्हणायच्या, त्यांनीच दुसऱ्या आठवड्यात लेकरं झोळीत घालून धुऱ्यावरच्या बाभळीला टांगली. माझ्या घरी शेजारची चार धरून सहा पोरं होती. एका दुपारी त्यांतल्या दोघांनी तुरीच्या पोत्यात पाणी ओतलं. संध्याकाळी मी संपाच्या पाठिंब्याच्या पत्रावर सही केली, या वेळी हात धुऊन. नंतर मानधन वाढलं, वेळ मात्र दहा ते दोनच राहिली. तीस हजारांत एक पाळणाघराची बाई हंगामापुरती ठेवता येईल का, हा हिशेब मी करून पाहिला. एका माणसाची रोजी धरली तरी पैसा दिवाळीपर्यंत संपतो आणि वेचणी तेव्हाच जोरात असते.

शौचालय आहे, पाणी नाही. त्यात झाडू आणि जुना काटा ठेवलेला आहे. आता मी सदस्य नाही, तरी दर सभेला हा विषय काढते आणि दर सभेला तो 'पुढील सभेत' जातो. नात जायची झाली की मला तिला घरी आणावं लागतं, दोनशे पावलं, आणि ती नेहमी पोचेलच असं नाही.

शेजारच्या सुनेला मी म्हटलं, तीन ते पाच वर्षांची होईस्तोवर इथं टाक, व्हॅनचे पैसे अंड्यावर आणि केळावर खर्च कर, पुढचं पुढं बघू. चार तारे देते. एक शौचालयाचा कापला. वेळेचाही कापणार होते, पण त्यात सेविकेचा दोष नाही.

बघायला यायचं असेल तर साडेअकराच्या सुमारास या, तेव्हा पोरं जेवायला बसण्याआधी ओट्यावर असतात. बाजाराच्या दिवशी येऊ नका, निम्मी पोरं आईबरोबर बाजारात असतात. सेविकेला मोबाइलचं काही विचारू नका. आणि हात धुवायचे असतील तर वाकावं लागेल.