चोवीस तासांची बीपी तपासणी: कोकणात करून घेताना

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळच्या बाजूला दंडाला चोवीस तास मशीन बांधून मिळण्याची सोय आता होऊ लागली आहे. डॉक्टर तिला एबीपीएम म्हणतात. लघवीची गोळी धरून तीन औषधं पुऱ्या डोसमध्ये चालू आहेत, तरी बीपी १४०/९०च्या खाली येत नाही, अशांनी चौथी गोळी किंवा नव्या उपचाराची ट्रायल यांच्या मागे लागण्याआधी ही तपासणी करावी, असं आमचं ठाम मत. सेवा कामाची आहे, पण बांधणारा घाईत असेल तर रिपोर्ट कचरा.

आधी पट्टा, म्हणजे दंडाला गुंडाळायचा कफ. दंडाचा घेर टेपने मोजायलाच लावा. साधारण २२ ते ३२ सेंमीला मध्यम कफ, त्यापुढे मोठा. जाड दंडावर छोटा कफ आवळला की बीपी उगाच चढं दिसतं. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांनी डाव्या दंडावर बांधावा, बाहीवरून नको. आंघोळ बंद, त्यात मे महिन्याचा घाम, म्हणजे शिक्षाच. शिवाय पट्टा घसरून कोपरावर येतो.

मशीन दिवसा १५ ते ३० मिनिटांनी, रात्री अर्ध्या ते एक तासाने फुगतं. फुगायला लागलं की हात सैल सोडून स्थिर ठेवायचा. विळीवर नारळ खवताना, विहिरीचं पाणी ओढताना किंवा एसटीत दांडा धरून उभं असताना घेतलेली मापं बरीचशी एररमध्ये जातात. किमान ७० टक्के मापं नीट हवीत, दिवसाची २० आणि रात्रीची ७ तरी. कमी पडली तर पुन्हा बांधावं लागतं. त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारा.

खरा घोळ रात्रीचा. बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक वेळ, म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ अशी, झोप धरलेली असते. हर्णैचा खलाशी तीनला होडीवर चढला तर त्याची जागेपणीची मापं झोपेत जमा होतात आणि 'रात्री बीपी उतरत नाही' असा शेरा पडतो. झोपायची, उठायची, गोळीची वेळ कागदावर लिहा आणि ती मशीनमध्ये भरून घ्या. त्या दिवशी गोळ्या नेहमीच्याच घ्या, जेवणही नेहमीचंच. लोणचं-सुकट एका दिवसापुरतं सोडून स्वतःलाच फसवू नये.

चोवीस तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५, रात्रीची १२०/७० यांच्या खाली असेल आणि बीपी फक्त दवाखान्यातच चढत असेल, तर औषध वाढवायची घाई नको. ट्रायलवालेही हेच गाळण लावतात. बीपी उतरवायला किडनीच्या रक्तवाहिन्यांभोवतीचे मज्जातंतू जाळण्याच्या 'सिम्प्लिसिटी एचटीएन-३' ट्रायलमध्ये (२०१४) प्रवेशालाच ही तपासणी होती. तरी सहा महिन्यांनी दवाखान्यातलं वरचं बीपी उपचार झालेल्यांत सुमारे १४ने उतरलं आणि नुसती अँजिओग्राफी करून सोडलेल्यांतही सुमारे १२ने! पुढे सुधारित यंत्रांना अमेरिकेत नोव्हेंबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, ती अशाच खोट्या प्रक्रियेशी तुलना करून. म्हणून कुणी ट्रायल सुचवली तर तुलनेचा गट कोणता आणि सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी आहे का, एवढं विचाराच.

रिपोर्टचं पहिलं पान देऊन बोळवण करतात. तासातासाचा तक्ता मागून घ्या, डॉक्टरांना तोच लागतो.