फौंड्रीच्या विस्तारासाठी घेतलेला सल्ला: पैसे वसूल

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. दुसऱ्या युनिटसाठी जागा शोधत होतो, त्यात कर्नाटकातूनही बोलावणं आलं. निर्णयाआधी उद्यमनगरातल्या एका सल्लागार बाईंकडे गेलो.

पहिल्या बैठकीत त्यांनी अनुदानाचं नावही काढलं नाही. बारा महिन्यांची वीजबिलं टेबलावर पसरली आणि पेन्सिलीनं डिमांड चार्ज (कमाल वीजमागणीवरचा आकार), पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती नीट वापरली त्याचं माप), रात्रपाळीचे युनिट वेगळे काढले. म्हणाल्या, "एसजीएसटीचा, म्हणजे राज्याच्या जीएसटीचा, परतावा उत्पादन सुरू झाल्यावर, कर भरल्यावर मिळतो. भट्टी पहिल्या दिवसापासून वीज खाते." इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राज्य सरकार उद्योगांना सवलती देतं त्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यागणिक गट बदलतो आणि त्यानुसार सवलतही, हेही तिथंच नीट कळलं.

सरकारी अधिकाऱ्यांशी वाटाघाटीत त्यांनी एकच धरून ठेवलं: वीजजोडणीची तारीख लेखी हवी. बदल्यात आम्ही किती माणसं कधीपर्यंत घेणार, तेही लिहून द्यायचं. आम्ही ४० लिहिली. सरकारला रोजगार हवा असतो, त्यामुळे त्या आकड्यानंतर समोरच्यांचा सूरच बदलला.

अहवाल मात्र तीन आठवडे उशिरा आला आणि मधे फोनही लागेना. हे मला खटकलं.

शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातलीच कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत ठरवली. आमचे जुने मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, हद्दीपलीकडे कर्नाटकात यायला तयार नव्हते, आणि त्यांच्याशिवाय कास्टिंग निघत नाही.

जाताना बिलांची मूळ प्रत न्या, पुसट झेरॉक्स त्या परत पाठवतात.