बाल्डर्स गेट ३ : सहा सोबती, सहा साचे

राजापार्ट अजून पडद्याआड असतो, तेव्हाच पेडण्याच्या प्रेक्षकाला तो कसा चालणार, राक्षसापुढे किती ताठ उभा राहणार, हे ठाऊक असतं. दशावतारातला साचा ठरलेला असतो, संवाद मात्र लिहिलेले नसतात. त्या साच्यात नट आज काय भरतो, हे बघायला माणसं कालोत्सवाची रात्र जागवतात. फँटसी आरपीजीचंही, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमचंही, तसंच आहे. लढवय्या, मांत्रिक, चोर, पुजारीण हे पार्ट खेळणाऱ्याला आधीच पाठ असतात. लारियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’मधले सहा मुख्य सोबती या कसोटीवर किती उतरतात, ते इथे बघायचं आहे. सहापैकी पाच उत्तम उतरतात आणि एक कमी पडतो. या फरकाचं कारण गेमच्या नियमांत सापडतं.

आधी व्यवहाराचं. गेम ऑगस्ट २०२३मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५वर आणि डिसेंबरमध्ये एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. स्टीमवर भारतातली मूळ किंमत २,९९९ रुपये. एसएसडीवर १५० जीबी जागा लागते. रॅम किमान ८ जीबी, पण १६ असल्याशिवाय घेऊ नये. ग्राफिक्स कार्ड किमान जीटीएक्स ९७०, शिफारस आरटीएक्स २०६० सुपरची. १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी डाउनलोडला सव्वातीन तासांहून जास्त लागतात. पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या गावात हे काम रात्री लावून ठेवलेलं बरं. खेळतानाही यूपीएस हवाच. गेम आपोआप सेव्ह करतो, पण फार विरळ. प्रत्येक लढाईआधी एफ५ दाबून सेव्ह करायची सवय लावून घ्या. सर्वांत कठीण अशा ऑनर मोडमध्ये तर एकच सेव्ह असतो, तिथे यूपीएसशिवाय हात घालू नका.

गेममध्ये मराठी, हिंदी, कोंकणी काहीच नाही. इंग्रजी संवाद ऐकावे लागतात आणि ते भरपूर आहेत. ब्राझिलियन पोर्तुगीजमध्ये सबटायटल्स मात्र मिळतात. गोव्यातल्या एखाद्या घरात पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा असतील, तर त्यांना ती सहज वाचता येतील.

नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात गुणाचा (ताकद, बुद्धी, करिष्मा असे) आणि कौशल्याचा बोनस मिळवायचा आणि समोरचा आकडा गाठायचा. गुण १०च्या वर दर दोनाला एक बोनस, म्हणजे १६ असेल तर अधिक ३. ‘ॲडव्हांटेज’ मिळाला तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल, तर ॲडव्हांटेजने ती जवळपास ८८ होते. क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, १२, कमाल लेव्हल १२, एका वेळी पार्टीत चौघे. एवढं कळलं की पुढचं समजतं.

सुरुवात कार्लॅकपासून करायला हवी, कारण साचा आणि नियम यांची गाठ तिच्यात सर्वांत पक्की बसली आहे. बार्बेरियन म्हणजे रागाने लाल होऊन कुऱ्हाड फिरवणारा आडदांड, हा साचा. कार्लॅकच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन बसवलेलं आहे, ते तापतं आणि तिला कोणाला स्पर्श करता येत नाही. क्लासचं मुख्य हत्यार ‘रेज’, म्हणजे पेटता राग, आहे आणि तिचं दुःखही तीच आग आहे. शिवाय स्वभावाने ती सगळ्या तळावरची, म्हणजे सोबत्यांच्या रात्रीच्या मुक्कामावरची, सर्वांत मायाळू व्यक्ती. लोहार डॅमनकडे ‘इन्फर्नल आयर्न’, म्हणजे नरकातलं लोखंड, नेऊन द्या, पहिल्या अंकात एकदा आणि दुसऱ्यात एकदा. दुसऱ्या दुरुस्तीनंतर तिला माणसाला मिठी मारता येते. तो प्रसंग चुकवू नका.

लढाईत तिचा हिशेब असा. रेजमध्ये शस्त्रांचा मार निम्मा बसतो, पण एखादी फेरी कोणावर वार न करता आणि मार न खाता गेली की रेज विझते. नवे खेळाडू तिला लांब उभी करून रेज लावतात, पुढच्या फेरीत शत्रूपर्यंत पोचता येत नाही आणि रेज फुकट जाते. आधी जवळ जा, मग रेज लावा. जड चिलखत घालू नका, रेजचा फायदा जातो. चौथ्या लेव्हलला ‘ग्रेट वेपन मास्टर’ हे खास कसब घ्या. त्याने नेमातून ५ वजा होतात आणि माराला १० मिळतात. ६५ टक्क्यांचा नेम ४०वर येतो खरा, पण दुसऱ्या लेव्हलचा ‘रेकलेस अटॅक’ जोडला की ॲडव्हांटेजमुळे तो परत ६४वर जातो. म्हणजे जवळजवळ त्याच नेमाला दहा जास्त मार. बदल्यात शत्रूलाही तिच्यावर ॲडव्हांटेज मिळतो, पण रेजमुळे तो मार निम्मा होतो. बेफिकीरपणे अंगावर घेणं हा तिचा स्वभाव आहे आणि गणितही तेच सांगतं.

ॲस्टॅरियन हा चोर, आणि शिवाय रक्तपिपासू. दोन्ही साचे इतके वापरून झालेले की भीती वाटावी. पण संकासूर आठवा. काळ्या वेषात येतो, वेद चोरतो, तरी पूर्वरंगात लोकांचा लाडका तोच, कारण जीभ त्याची सर्वांत तिखट. ॲस्टॅरियनची जीभ तशी आहे. दोनशे वर्षं मालकाच्या ताब्यात काढलेला हा माणूस मोकळा झाल्यावर एका रात्री तुमच्याच मानेकडे बघतो. चावू दिलं तर त्याला खुशीचा बोनस मिळतो, चार बाजूंचा एक फासा जादा, आणि तुमच्या फाशातून १ वजा. हा सौदा चांगला आहे. नाही म्हणायचाही अधिकार आहे आणि नाही म्हटल्याने गोष्ट बिघडत नाही.

त्याच्या बाबतीत हमखास होणारी चूक ‘स्नीक अटॅक’ची, म्हणजे चोरट्या वाराची. लपूनच मारावं लागतं असं नावावरून वाटतं, ते खरं नाही. शत्रूच्या अगदी जवळ आपला एखादा साथीदार उभा असला आणि ॲस्टॅरियनला ‘डिसॲडव्हांटेज’ (ॲडव्हांटेजच्या उलट) नसला तरी पुरतं. शस्त्र मात्र धनुष्य हवं किंवा रेपियर या बारीक तलवारीसारखं, चपळाईने चालवायच्या ‘फिनेस’ प्रकारातलं. रिॲक्शनच्या पानावर हा पर्याय आपोआप विचारण्यावर ठेवा, म्हणजे दर वेळी वेगळं बटण शोधावं लागत नाही. तिसऱ्या लेव्हलला ‘थीफ’ हा उपक्लास, म्हणजे क्लासची शाखा, घ्या. जादा बोनस ॲक्शन, म्हणजे फेरीतली आणखी एक छोटी कृती, मिळते आणि दोन्ही हातांत शस्त्र असलं की दर फेरीला एक वार वाढतो.

पुजारीण शॅडोहार्टबद्दल तक्रार सगळीकडे ऐकू येते: नेम लागत नाही, डोमेन, म्हणजे पुजाऱ्याच्या शक्तीची शाखा, कुचकामी. नेमाचं कारण साधं आहे. तिच्याकडची ‘फायर बोल्ट’ ही जादू वंशातून आलेली आहे, ती बुद्धीवर चालते आणि तिची बुद्धी १०, म्हणजे बोनस शून्य. ती वापरूच नका. तिच्याकडून ‘ब्लेस’ हा मंत्र घ्या: तिघांना दहा फेऱ्या नेमात चार बाजूंचा फासा जादा. ब्लेसला ‘कॉन्सन्ट्रेशन’, म्हणजे एकाग्रता, लागतं आणि मार बसला की ते तुटू शकतं. त्यासाठी तिला मागे ठेवा आणि चौथ्या लेव्हलला ‘वॉर कास्टर’ हे कसब द्या. पाचव्या लेव्हलला ‘स्पिरिट गार्डियन्स’ हा मंत्र मिळाला की तीच शत्रूंच्या घोळक्यात शिरते आणि तोवर चिडलेले खेळाडू गप्प होतात.

डोमेनचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तिचं मूळ डोमेन ‘ट्रिकरी’, म्हणजे फसवणुकीचं, आणि लढाईत ते खरोखर दुबळं आहे. जाणकार पहिल्याच तासात विदर्स नावाच्या पात्राला १०० सोन्याची नाणी देऊन ते बदलतात. ‘लाइफ’ घेतलं तर जड चिलखत आणि उत्तम उपचार मिळतात, ‘लाइट’ घेतलं तर पाचव्या लेव्हलला ‘फायरबॉल’. पण अंधाराच्या देवीची पुजारीण, स्वतःची स्मृती पुसून घेतलेली, कोण कोणाला फसवतंय हे तिलाच माहीत नाही, आणि तिचं डोमेन पहिल्या दिवसापासून उजेडाचं? इथे लेखकांनी दुबळा नियम जाणूनबुजून पात्राच्या पदरात घातला आहे. पहिले दोन अंक ट्रिकरीच ठेवा. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे ती एक मोठा निर्णय घेते, त्यानंतर तो निर्णय शोभेल असं डोमेन तिला द्या. थोडं कठीण जाईल, पण त्या १०० नाण्यांना अर्थ येईल.

विदर्स सुरुवातीच्या किनाऱ्याजवळच्या तळघरात सापडतो, नाही सापडला तर तळावर स्वतःच येतो. मेलेल्याला उठवायचे २०० घेतो.

गेल, म्हणजे मांत्रिक. हुशार, बोलघेवडा, स्वतःवर खूश. पहिल्या लेव्हलला ८ प्राण, एका बाणात आडवा. विझार्ड क्लासचा खास नियम असा की सापडलेल्या स्क्रोलमधून, म्हणजे मंत्राच्या गुंडाळीतून, तो मंत्र शिकतो, मंत्राच्या दर लेव्हलला ५० नाणी. म्हणजे ज्ञानाची भूक, आणि ती तुमच्या थैलीतून भागवायची. गोष्टीतही तेच: छातीत अडकलेल्या जादूला खाऊ घालायला तो जादूच्या वस्तू मागतो, सुरुवातीला तीनदा. चांगल्या अंगठ्या देऊ नका, साध्या हिरव्या दर्जाच्या वस्तू त्यासाठी बाजूला काढून ठेवा. दुसऱ्या लेव्हलला ‘इव्होकेशन’ हा उपक्लास निवडा. मग त्याचा फायरबॉल शत्रूंच्या गर्दीत लढणाऱ्या कार्लॅकला भाजत नाही.

लेझेल पहिल्या भेटीत अनेकांना नकोशी वाटते. शिस्त, हुकूम, तुच्छता. तिच्यावर थोडा धीर धरा, साच्यातून सर्वांत दूर जाणारं पात्र तिचंच आहे. फायटरचे नियम तिच्यासारखेच कोरडे आणि अचूक: दुसऱ्या लेव्हलला ‘ॲक्शन सर्ज’, म्हणजे त्याच फेरीत आणखी एक कृती, पाचव्याला दोन वार, अकराव्याला तीन, सर्जसह एका फेरीत सहा. ‘बॅटल मास्टर’ हा उपक्लास घ्या, त्याच्या डावपेचांचे फासे छोट्या विश्रांतीनेही भरतात. तिच्या वंशाला दर मोठ्या विश्रांतीनंतर एका गुणाची सगळी कौशल्यं मिळतात, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

आणि विल. ‘सरहद्दीची तलवार’ हे त्याचं बिरुद, सैतानाशी करार केलेला सज्जन वीर. नाव मोठं, लक्षण खोटं. वॉरलॉक, म्हणजे करारातून जादू मिळवणारा, म्हणून त्याचा ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा मंत्र मजबूत आहे, पाचव्या लेव्हलला दोन किरण, दहाव्याला तीन, पण म्हणजे तलवार कमरेलाच राहते. करार गोष्टीत त्याला छळतो, लढाईत मात्र त्याची किंमत कुठेच मोजावी लागत नाही. इतरांचा घाव नियमांत उतरला आहे, त्याचा फक्त संवादांत राहिला, आणि त्याच्या वाट्याचे प्रसंगही कमी. एप्रिल २०२५च्या आठव्या पॅचने प्रत्येक क्लासला एक नवा उपक्लास दिला, त्यातला ‘हेक्सब्लेड’ विलला द्यावा. मग तो ‘करिष्मा’ गुणावर तलवार चालवतो आणि बिरुदाला जागतो. प्रसंगांची उणीव त्याने भरत नाही.

या सहांचं खरं रूप दिसतं ते तळावर, रात्री. मोठ्या विश्रांतीला काठिण्याच्या ‘बॅलन्स्ड’ पातळीवर ४० शिधा लागतो, ‘टॅक्टिशियन’वर ८०. शिधा वाचवायला विश्रांती टाळणारे खेळाडू पुढे तक्रार करतात की पात्रं बोलतच नाहीत. एका रात्री सहसा एकच प्रसंग येतो, रात्री चुकल्या की प्रसंगही जातात. खोके, पिंपं, स्वयंपाकघरं धुंडाळली की शिधा उरतो. विश्रांती सढळ हाताने घ्या. आणि पहिल्या अंकात निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करायचा विचार असेल तर कार्लॅक आणि विल दोघेही जातात, हे धरून चला.

स्वतःचं पात्र निवडताना उरलेली जागा बघा. पुढे भेटणारे सोबती धरले तरी त्यांत बार्ड (गाणारा), मंक (भिक्षू) आणि सॉर्सरर (जन्मजात जादूगार) कोणीच नाही. बार्ड सर्वांत उपयोगी, कारण जे पात्र पुढे चालतं तेच बोलतं, त्याचाच करिष्मा मोजला जातो. लेझेल पुढे असताना पहारेकऱ्याने अडवलं की काम बिघडलंच. बोलताना फासा टाकण्याआधी शॅडोहार्टचा ‘गायडन्स’ हा मंत्र जोडायला विसरू नका.

चौघे मिळून ऑनलाइन खेळता येतो, चतुर्थीच्या सुट्टीत भावंडं जमली तर एका पडद्यावर दोघांनाही. तिसऱ्या अंकातल्या शहरात प्रोसेसरवर ताण येतो. जुन्या लॅपटॉपवर ‘डायनॅमिक क्राउड्स’ बंद करा आणि हवा खेळती ठेवा.

सोबती मनासारखे नसतील तर विदर्सकडून १०० नाण्यांत भाडोत्री साथीदार मिळतात, बाराही क्लासचे. नियम तेच, ताकद तीच, रेज आणि सर्ज तेच. ते तळावर उभे राहतात, हुकूम पाळतात आणि रात्री कोणाशी काही बोलत नाहीत. कार्लॅकच्या जागी भाडोत्री बार्बेरियन घेऊन दोन लढाया करून बघा, आकडे जुळतील, आणि तिसऱ्या लढाईआधी तुम्ही तिला परत बोलवाल.